वाळवीचे सर

सर आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही आणि बसा म्हटलं तर बसलेही नाहीत. दारातच उभे राहिले. बोटाच्या पेरानं चौकट वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिली आणि मग तिला कान लावला. आमचे हे खुर्चीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपरावरून माझ्याकडे पाहिलं. मी लातूरच्या कॉलेजात नुकतीच रसायनशास्त्र शिकवायला लागले होते. हे गृहस्थ त्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे, शिवाय आमचे सख्खे शेजारी, तेव्हा काही विशेष घडत नसल्यासारखा चेहरा मी केला.

"बाई, चौकट गेली," सर म्हणाले. "तुम्ही वरचा रंग बघून राहिल्या. आत भुसा हाय."

एवढं बोलून त्यांनी खिशातून दाभण काढलं आणि आमच्या चौकटीत मुठीपर्यंत घुसवलं. घर भाड्याचं होतं म्हणून आम्हाला त्याचं फार वाटलं नाही. घरमालकांनी मात्र पुढं कित्येक महिने सरांशी बोलणं टाकलं, जणू वाळवी सरांनीच खिशातून आणून सोडली होती.

अख्खं लातूर त्यांना 'वाळवी सर' म्हणायचं. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या मस्टरवर होतं आणि ते वाचायची वेळ कारकुनाखेरीज कुणावर येत नसे. त्यांचे किस्से सांगायला बसले की मला चुलीवरच्या दुधाचं भान राहत नाही. पण त्या किश्शांच्या पोटात एक गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकते, म्हणजे हसताना कुणाचा गैरसमज नको. सरांनी भाची सांभाळली होती, रेणू तिचं नाव. भूकंपात ती वाचली, पण त्यानंतर ती छपराखाली झोपत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. या पोरीला पुन्हा घरात कसं न्यायचं, हा एकच प्रश्न सरांच्या आयुष्यात वाळवीपेक्षा मोठा होता. आणि तो सोडवायलाही त्यांनी वाळवीचीच मदत घेतली, हा त्यांचा स्वभाव.

सर मूळचे किनवटकडचे. वडील रेल्वेत, क्वार्टर स्टेशनाच्या मागं आणि क्वार्टरच्या मागं सागाचं जंगल. बाकीची पोरं गोट्या खेळत तेव्हा हे पालथे पडून मातीची नळी झाडावरून कुठवर जाते ते बघत असणार. पन्नाशीतही त्यांच्या पँटचे गुडघे मातीनं भरलेले असत. नवा माणूस त्यांना फार देवभक्त समजायचा.

लाकूड खाणारी वाळवी ही त्यांच्या लेखी सामान्य, बाजारू वाळवी. त्यांचा खरा जीव जडला होता तो निव्वळ माती खाणाऱ्या वाळवीवर. ती लाकडाला तोंड लावत नाही. मातीतच राहते, मातीत भुयारं खणते, सडल्या पाचोळ्याची माती खाते आणि मातीच टाकते. "एकदम सात्त्विक," सर म्हणायचे. ती वर्षावनात फार, म्हणजे जिथं बारा महिने पाऊस आणि डोक्यावर झाडांचं छत तिथं. तिथल्या जमिनीखाली हिच्या भुयारांची इतकी जाळी असते की पडलेलं पाणी त्यातूनच मुरतं, आणि ही नसेल तर ते सगळं जंगल माना टाकेल, असं त्यांचं म्हणणं. किनवटच्या जंगलात त्यांना तिची एक लांबची चुलतबहीण सापडली होती. तिच्यावर त्यांनी प्रबंध लिहायला घेतला, तो अर्ध्यात असताना मार्गदर्शक निवृत्त झाले आणि प्रबंध तसाच राहिला. वर्षावन सरांनी डोळ्यांनी कधीच पाहिलं नाही. ज्या लातुरात टँकर आला की गल्लीतल्या बायका घागरी घेऊन पळतात, तिथं राहून हा माणूस कुठल्या तरी ओल्याचिंब जंगलातल्या मातीची काळजी वाहत होता.

लग्न झालं नव्हतं. त्याचीही गोष्ट होतीच. नायगावकडे मुलगी बघायला गेले होते. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा नवरदेव जागेवर नव्हते. ते माजघरात खांबाला कान लावून उभे होते. परत येऊन मुलीच्या वडिलांना म्हणाले, "तुमचं घर आतून पोकळ हाय." वडिलांनी याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि पोहे तसेच आत गेले.

"अन् मुलगी कशी होती?" मी विचारलं होतं.

"मुलगी बघितली कुठं?" सर म्हणाले. "खांब मात्र पुढच्या पावसाळ्यात पडला."

मी त्यांना नीट ओळखायला लागले ती नागपंचमीच्या दिवशी. आमच्या वस्तीच्या कडेला, जिथं प्लॉटिंग संपून रानं सुरू व्हायची, तिथं एक चांगलं कंबरेएवढं वारूळ होतं. आम्ही बायका लाह्या, फुटाणे, दूध, हळदकुंकू घेऊन नटूनथटून तिथं गेलो, तर वारुळासमोर सर हात पसरून उभे. रस्ता रोको करावा तसे.

"दूध आत ओतू नका," सर म्हणाले. "हात जोडतो तुमच्यापुढं. खाली बुरशीची बाग असते त्यांची. आंबून जाईल सगळी."

बायकांना आधी वाटलं, खाली कुणाची तरी जमीन आहे आणि वाद कोर्टात आहे. मग सरांनी सगळं समजावलं. हे घर नागानं बांधलेलं नाही, वाळवीनं बांधलंय. ती पाचोळा आणून आत रचते, त्यावर बुरशी पिकवते आणि ती बुरशी खाते. आत राणी आहे, मजूर आहेत, सैनिक आहेत. आमच्यातल्या एक आजी पदर खोचून पुढं आल्या.

"मास्तर, ते समदं खरं आसंल. पर नागोबानं कुठं ऱ्हावं मग?"

"ऱ्हाऊ द्या की. पण तो भाडेकरू हाय आजी. तुम्ही भाडेकरूची पूजा करून राहिल्या आन् घरमालकिणीला दुधात बुडवून राहिल्या."

आजींनी जरा विचार केला. मग हळदकुंकवाची चिमूट घेतली, वारुळाला लावली आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "मालकिणीला बी लावा गं." दूध द्रोणात घालून बाजूला ठेवलं गेलं. सरांना वाटलं, विज्ञान जिंकलं. पुढच्या वर्षी काय झालं, तर बायका वारुळाकडे जाण्याआधी सरांच्या दारात यायला लागल्या. कुठलं वारूळ जितं आहे आणि मालकीण कुठल्यात आहे हे सरांनी दाखवायचं आणि मग पूजा. दक्षिणेचा नारळ त्यांच्या हातात पडला तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण नारळ त्यांनी घेतला.

हे सगळं भूकंपाच्या आधीचं.

भूकंपाच्या आदल्या वर्षी औसा तालुक्यातल्या काही गावांतून जमिनीखालून आवाज यायला लागले होते. फडताळातली भांडी वाजायची, कुत्री ओरडायची. त्यातल्याच एका गावात सरांची धाकटी बहीण दिली होती. तिनं निरोप धाडला की दादा, एकदा येऊन घर बघून जा, घरात राहावं का शेतात पाल टाकावं ते तू सांग. घरात शिकलेला तोच एक. सर पिशवी घेऊन गेले आणि त्यांनी अख्खा दिवस त्या घराला दिला. एकेक खांब वाजवला, एकेका तुळईवर चढले. एका खांबाच्या बुडाशी मातीची नळी सापडली, ती खरवडून औषध ओतलं. बहीण चहा घेऊन मागंमागं हिंडत होती. संध्याकाळी तिला म्हणाले, "लाकूड शंभर नंबरी हाय. खुशाल झोपा."

भिंतींकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहायचं कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. दगडमातीची भिंत जितकी रुंद तितकं घर भक्कम, हे आमच्याकडे लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं. भूकंपाच्या पहाटे त्या रुंद भिंती आत कोसळल्या. बहीण आणि मेहुणे गेले. रेणू दोन खांबांच्या बेचक्यात अडकली होती, तिला दुपारी बाहेर काढलं.

याबद्दल सर माझ्याशी एकदाच बोलले. कॉलेजच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत काचेची पेटी पुसत होते, माझ्याकडे पाठ होती. "बाई, खांब उभेच होते," ते म्हणाले. "एकबी पडला न्हाई." मला रडू आलं आणि मी परीक्षानळ्या मोजायचं सोंग केलं.

तेव्हापासून सरांनी खांब वाजवणं सोडलं आणि भिंती वाजवायला सुरुवात केली. बँकेत गेले की आधी भिंत, मग पासबुक. मंगल कार्यालयात अक्षता हातात घेऊन भिंतीकडेनं ठोकत ठोकत पुढं सरकायचे, तोवर इकडे शुभमंगल सावधान होऊन जायचं. एसटी स्टँडवर पोलिसानं एकदा हटकलं, तर त्यालाच म्हणाले, "इथून जरा सरकून उभं ऱ्हा." पोलीस सरकला. भूकंपानंतरच्या लातुरात असं कुणी सांगितलं तर माणूस आधी सरकायचा आणि मग कारण विचारायचा.

त्या दिवसांत सगळं गावच बाहेर झोपत होतं. आम्हीसुद्धा मैदानात ताडपत्रीखाली संसार थाटला होता. थंडी वाढली तशी माणसं एकेक करून घरात परतली, आधी पुरुष हिमतीनं, मग बायका नाइलाजानं. सर आणि रेणू मात्र परतले नाहीत. त्यांच्या अंगणात दोन खाटा पडायच्या. पावसाळ्यात चार बांबूंवर ताडपत्री. स्वयंपाक उघड्यावर चुलीवर, अभ्यास कडुनिंबाखाली. घरात होती पुस्तकं, ट्रंका आणि वाळवीच्या काचेच्या पेट्या. म्हणजे वाळवी पक्क्या घरात राहायची आणि माणसं अंगणात.

गल्लीनं सरांना डोक्यावर घेतलं. भाचीसाठी मामानं असं करावं! पोर घाबरते म्हणून स्वतः पावसात झोपतो! माझ्या सासूबाई तर आमच्या यांना येताजाता सुनवायच्या. कुणी डॉक्टरचं नाव सुचवलं, कुणी कुठल्या तरी दर्ग्याचा गंडा आणून दिला. सरांनी दोन्ही नाकारलं. त्यांचा इलाज तयार होता.

"बाई, वाळवी उघड्यावरून चालत न्हाई कधी," ते मला समजावत. "आंधळी असते, अंग मऊ असतं. ऊन लागलं, वारं लागलं की मेली. मग ती काय करते? माती अन् थुंकी कालवून रस्ता झाकत झाकत जाते. एक कण लावायचा, एक पाऊल सरकायचं. तिला घाई न्हाई."

तसाच रस्ता त्यांनी रेणूसाठी बांधला. ओसरीपासून अंगणात बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घातला, हलका, पडला तरी कुणाला खरचटू नये असा. खाटा त्याखाली आल्या. मग काही दिवसांनी जराशा ओसरीकडे. मग आणखी जराशा. दिवाळी आली की सर गल्लीत सांगायचे, "या वर्षी पोरगी आत." खाटा ओसरीच्या पायरीपर्यंत यायच्या आणि एखाद्या दिवशी सकाळी बघावं तर पुन्हा अंगणाच्या पार कडेला, विहिरीपाशी.

"काय झालं सर?"

"ट्रक गेला रस्त्यानं. पोरगी दचकली," सर म्हणायचे. रेणू शेजारी बसून दात घासत असायची. सरांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं असायची, आणि आम्हाला वाटायचं, पोरीच्या काळजीनं बिचाऱ्याला झोप नाही.

तोवर लातुरात वेगळाच धुमाकूळ सुरू झाला होता. ज्या गावानं सगळा हिवाळा मैदानात काढला, त्याच गावात चारमजली इमारती उठायला लागल्या आणि प्रत्येक मजल्यावर क्लास. देगलूर, उदगीर, परभणीकडून पोरं पेट्या घेऊन उतरायची. ज्याच्याकडे दोन जादा खोल्या त्यानं होस्टेल काढलं, जिला भाकरी येत होती तिनं मेस काढली. मेडिकल, इंजिनिअरिंग, मेडिकल, इंजिनिअरिंग. आमच्या भाजीवाल्यालासुद्धा कुठल्या क्लासचा निकाल किती लागला ते पाठ होतं. मीही एका क्लासमध्ये शिकवायला लागले, खोटं कशाला सांगू.

त्या क्लासचे संचालक सरांच्या मागं लागले होते. सर त्यांना दारातूनच परत पाठवायचे. पण रेणू अकरावीत गेली. पोरगी हुशार, तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि क्लास होता तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा सर स्वतःच उठून संचालकांकडे गेले. इमारतीत शिरले नाहीत, खाली रस्त्यावर उभं राहून हाक मारली. संचालक धावत खाली आले.

"शिकवतो," सर म्हणाले. "पण वर येत न्हाई. मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड मारा, बाजूंनी तट्ट्या. माझी भाची तिथं बसंल."

संचालक व्यवहारी माणूस. त्यांनी शेड मारलं आणि जाहिरातीत छापलं, 'गुरुकुल पद्धतीने निसर्गाच्या सान्निध्यात जीवशास्त्र'. प्रवेशाला रांग लागली. पुढच्या वर्षी बाकीच्या क्लासवाल्यांनीही स्लॅबचे वर्ग रिकामे ठेवून मागं पत्र्याची शेडं ठोकली. उन्हाळ्यात पोरं आत भाजून निघायची, पण निसर्गाबद्दल कुणी तक्रार केली नाही.

शिकवणं सरांचं त्यांच्या पद्धतीनं चाले. वाळवी अन्न कसं शोधते हे फळ्यावर कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून एकदा त्यांनी वर्गातल्या एका बाकाखाली शेंगदाण्याची चिक्की लपवली, सगळ्या पोरापोरींना डोळे मिटून जमिनीवर रांगायला लावलं आणि प्रत्येकाच्या हातात अत्तराचा फाया दिला. वाटा फुटतील तशा फुटू द्यायच्या. ज्याला चिक्की सापडेल त्यानं परत येताना जमिनीवर फाया घासत यायचं आणि बाकीच्यांनी वासानं माग काढत तिथवर जायचं. नेमके त्याच वेळी देगलूरचे एक कापड व्यापारी आपल्या मुलीला भेटायला आले. शेडमध्ये डोकावले तर बाकं रिकामी आणि जमिनीवर बाराव्या इयत्तेची सगळी बॅच हुंगत हिंडत होती. त्यांची मुलगी आघाडीवर होती.

"सर, हे काय करून राहिलेत?"

"अन्न शोधून राहिलेत."

व्यापाऱ्यांनी घाम पुसला. "न्हाई, म्हंजी चांगलंच हाय. पर हे परीक्षेत किती मार्काला येतंय?"

"तुमच्या गोदामात किती मार्काला येतं?" सरांनी विचारलं.

व्यापाऱ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "लई येतंय हो सर. दोन गठ्ठे गेले साड्यांचे." आणि पुढचा तासभर वर्ग सोडून सर त्यांना गोदामाच्या भिंतीपासून गठ्ठे किती लांब ठेवायचे ते समजावत बसले. पोरांनी मधल्या वेळात चिक्की संपवली.

एकदा सैनिक वाळवीबद्दल सांगत होते. धोका आला की ती भुयाराच्या भिंतीवर डोकं आपटते, त्या ठोक्यांनी बाकीच्यांना कळतं आणि सगळ्या खोल जातात. मागून एक पोरगं म्हणालं, "सर, आमचे वडील पण असंच करतात, पण आम्हाला कळत नाही." शेड हसून हसून हललं. सर हसले नाहीत. ते शेड हलतंय का ते बघत होते.

रेणूला मार्क पडले. नांदेडला मेडिकलला नंबर लागला. गल्लीत पेढे वाटले गेले, वारुळाच्या बायकांनी ओटी भरली आणि मग सगळ्यांना एकदम तो प्रश्न आठवला. मेडिकलचं होस्टेल काही पत्र्याच्या शेडमध्ये नव्हतं. मुलींच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर. सर पार गळून गेले. एक वर्ष थांबू या म्हणाले, नांदेडला खोली घेऊन अंगणात राहू म्हणाले. रेणू एवढंच म्हणाली, "मामा, मी जाऊन बघते."

तिला पोचवायला सरांनी मला सोबत घेतलं. कारण सरळ होतं. मुलींच्या होस्टेलात पुरुषांना जिन्याच्या वर सोडत नव्हते. अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचेपर्यंत सर मला भिंत कशी वाजवायची ते शिकवत होते. हातातला दगड कसा धरायचा, भरीव आवाज कसा, पोकळ कसा, कोपऱ्यात चीर कशी बघायची. मी पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण माझी एवढी कसून तोंडी परीक्षा कधीच कुणी घेतली नाही.

सर खाली गुलमोहराखाली बसले. मी आणि रेणू पेटी, वळकटी घेऊन वर गेलो. खोलीत तीन खाटा होत्या, दोघी मुली आधीच आलेल्या. मी पदर खोचला आणि कामाला लागले. त्या मुली मला गवंडीण समजल्या असाव्यात. एक भिंत झाली, दुसरी झाली, कोपऱ्यात वाकले तेव्हा रेणूनं माझ्या हातातला दगड काढून घेतला आणि मला बाहेर गॅलरीत नेलं.

"काकू, राहू द्या. मला नाही भीती वाटत."

"बाळा, अवघड वाटलं तर बोल. सर खाली थांबलेत. अंथरूण घेऊन खाली आलीस तरी कुणी काही म्हणणार नाही."

ती खाली बघत होती. गुलमोहराखाली सर मान वर करून खिडक्या मोजत असल्यासारखे बसले होते.

"मी सातवीत होते," ती म्हणाली. "शाळेतून दुपारी आले, दप्तर ठेवायला घरात गेले आणि तिथंच फरशीवर झोप लागली. चांगली गाढ. संध्याकाळी उठले. बघते तर मामा ओसरीच्या पायरीवर बसलेले, घामानं शर्ट भिजलेला. आत यायची त्यांची हिंमत होत नव्हती आणि मी दचकून उठेन म्हणून हाकही मारत नव्हते. किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. त्या दिवशी मला कळलं. मग मीच म्हणायला लागले, मामा, मला आत भीती वाटते."

"पाच वर्षं?" मी कशीबशी म्हणाले.

"ते एकटे कसे झोपले असते बाहेर? लोक हसले असते." तिनं नाक पुसलं. "त्यांना सांगू नका. ते म्हणतील आता मी आत झोपतो. नाही झोपणार. पावसात तेवढं लक्ष ठेवा."

मी खाली आले तेव्हा सर उठून उभे राहिले.

"भिंत?"

"भक्कम आहे सर."

"चारी वाजवल्या?"

"चारी."

मी दोनच वाजवल्या होत्या, पण आता त्याला इलाज नव्हता. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो. वळकटी घेऊन रेणू कधीही खाली येईल, असं त्यांना वाटत होतं. ती आली नाही. वरून तिनं हात केला, दिवे लागले आणि वॉचमननं आम्हाला फाटकाबाहेर काढलं. सरांनी फाटकाची भिंत वाजवली नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

परतीच्या गाडीत ते लहान पोरासारखे खुशीत होते. पोरगी आत गेली, पोरगी आत गेली, हेच पुन्हापुन्हा. मग म्हणाले, "झालं बाई. आता मीबी आत झोपतो. पोरीसाठीच बाहेर पडलो होतो, आता काय कारण हाय?" मी खिडकीबाहेर बघत हं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकायला बाहेर आले तर सरांची खाट अंगणात. तट्ट्यांच्या मांडवाबाहेर, विहिरीपाशी. सर खाटेवर बसून होते. मला बघून आपणहून म्हणाले,

"बाई, विहिरीच्या कडेला वाळवी निघून राहिली. नवीन दिसते. नजर ठेवावी लागंल, म्हणून पडलो इथं."

मी वाकून पाहिलं. कोरडी, ठणठणीत माती होती. एवढी वर्षं त्यांच्या शेजारी राहून मलाही तेवढं कळत होतं, तिथं वाळवीचा मागमूस नव्हता. या माणसानं माझ्या चौकटीबद्दल, नायगावच्या खांबाबद्दल, देवाच्या वारुळाबद्दल कुणाचीही भीड ठेवली नव्हती. वाळवीच्या बाबतीत तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता.

"हो सर," मी म्हणाले. "बरीच दिसतेय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी मी यांना आमची जास्तीची खाट उचलायला लावली. हे कुरकुरले, कंबरदुखी आठवली, पण मी ऐकलं नाही. अंगणात नेऊन खाट टेकवली आणि म्हटलं, "सर, एवढ्या वाळवीवर एकट्यानं नजर कशी ठेवाल? हे आजपासून तुमच्या सोबतीला झोपतील."

सर उठले, आणि आपली खाट जराशी सरकवून त्यांनी यांच्या खाटेला जागा करून दिली.